चुन्याची शीव

मध्ययुगीन गावाचा धडा नुसता वाचून दाखवणं माझ्याच्याने होत नाही. म्हणून यंदा वर्गाला मैदानावर नेलं, चुन्याने गावाची शीव आखली आणि मुलांना चिठ्ठ्या उचलायला लावल्या. पाटलाची चिठ्ठी निघाली बौद्धवाडीतल्या साक्षीला. वेसकराची, म्हणजे शिवेबाहेर राहून गाव राखणाऱ्याची, निघाली खऱ्या पाटलाच्या नातवाला, ओंकारला.

"सर, बदलून द्या ना. आजोबांना कळलं तर शाळेत येतील."

"तेव्हा कोणाला बदलून मिळायचं का रे?" मी बोलून गेलो. तो मान खाली घालून शिवेबाहेर उन्हात उभा राहिला. आता मलाच कसंतरी व्हायला लागलं.

आत आंब्याच्या सावलीत कारभार सुरू झाला. थोड्या वेळाने ओंकार म्हणाला, "सर, हितून काय ऐकू येत नाय."

मी तोंड उघडायच्या आत साक्षी उठली. "सर, पाटील मी हाय ना?"

"आहेस."

"मग शीव कुठं ती मी ठरवणार." तिने पायाने चुना पुसला आणि स्वतःची बाटली पुढे केली. "ये रे आत. आधी पाणी पी."

ओंकारने अर्धी बाटली संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाला, "पाटील, उद्यापण पाटीलकी तुमच्याकडंच ठेवा."