उजवीकडून तिसरा शिपाई

हेडफोन घ्यायला आलेली एक शाळकरी पोरगी दुकानाच्या रांगेत उभी होती. पुढच्या आजी-आजोबांची अशी काही जुंपली होती की तिचे कान आपसूक टवकारले. आजोबांच्या हातात एका जुन्या ऐतिहासिक सिनेमाची नवीकोरी डिस्क होती.

"एवढ्या वर्षांनी निघाली एकदाची! आता लढाई थांबवून दाखवतो तुला. उजवीकडून तिसरा शिपाई, भाला लागून पडतो ना, तो मी."

"माहीत आहे हो. लग्न झाल्यापासून रोज जेवताना पडताय."

"पण तुझा विश्वास कुठे बसलाय? थेटरात तीनदा बघितलास, तरी मी दिसलो नाही म्हणे!"

"नाहीच दिसलात."

"अगं, शिरस्त्राण पार नाकावर घसरलंय माझं. कोणीही ओळखेल!"

"मी डोळे मिटून घ्यायचे. तिन्ही वेळा."

"आँ? ते कशाला?"

"तुम्ही तेव्हा बोटीवर नोकरीला. महिनोन् महिने पत्र नाही. आणि मी एकटीनं अंधारात बसून तुम्हाला मरताना बघायचं?"

"वेडी की काय! भाला लाकडाचा होता."

"मग तसं कळवायचं होतंत."

आजोबांनी डिस्क उगाच उलटीसुलटी केली.

"आज बघशील?"

"शेजारी बसा. हात धरा. मग बघते."

रांग सरकली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "गिफ्ट पॅक करू का?"

"छे हो," आजी म्हणाल्या, "वरचं प्लास्टिकसुद्धा काढूनच द्या."