दर महिन्याला एक घर

मुलगी: आजोबा, तुमच्याकडे कधीच कुणी का येत नाही?

आजोबा: जिन्यात फिदीफिदी हसतंय कोण?

मुलगी: माझ्या मैत्रिणी. म्हणाल्या, हिंमत असेल तर नकाशेआजोबांची बेल वाजवून हे विचारून दाखव. म्हटलं, त्यात काय! विचारलं. जाते आता.

आजोबा: उत्तर न घेताच? ही कसली हिंमत?

मुलगी: अगं बाई, पळाल्या की सगळ्या! बरं, सांगा.

आजोबा: मी कुणाला बोलवत नाही, म्हणून कुणी येत नाही. आज बोलवतो. कॉम्प्युटर येतो का तुला?

मुलगी: येतो म्हणजे? शाळेत सरांचं अडलं की मलाच हाक मारतात!

आजोबा: मग ये आत. चाळीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढले, एक रेघ कधी हलली नाही. आणि इथे आमच्या हिचा फोटो बोटभर डावीकडे सरकवला, की सगळा मजकूर पुढच्या पानावर उडी मारतो. बघ, गच्चीतला फोटो स्वयंपाकघरात जाऊन बसलाय.

मुलगी: हात्तिच्या, एवढंच? फोटोवर क्लिक करा. आता हे निवडा, मजकूर चारही बाजूंनी. आता ओढा कुठेही.

आजोबा: अरेच्चा! शब्द बाजूला होऊन तिला जागा देतायत.

मुलगी: केवढं लिहिलंय हो! एकशे बारा पानं? कशाबद्दल आहे?

आजोबा: आम्ही दोघं ज्या सात घरांत राहिलो, त्यांच्याबद्दल. प्रत्येक घराचा नकाशा, फोटो, हिची खुर्ची कुठे असायची, तिच्यावर ऊन कुठून यायचं. साठाव्या पानावर तिचा आवाज घातलाय. दाबलं की बोलते, "दार लावून घ्या हो." तेवढाच उरलाय. दर महिन्याला एक घर मुलाला पाठवत आलो, आत काय काय घातलंय ते मेलमध्ये लिहून. तो फार लांब असतो.

मुलगी: मलाही पाठवा ना! शाळेतून रंगीत छापून आणते. आलं बघा मोबाइलवर... आजोबा, फोटो कुठायत?

आजोबा: असतील खाली.

मुलगी: नुसत्या रिकाम्या चौकटी आहेत. प्रत्येकीत लाल फुली. बघू तुमचा कॉम्प्युटर... हं. फोटो घालताना तुम्ही लिंक निवडलीये. म्हणजे फोटो फाइलमध्ये नाहीच. तो तुमच्या कॉम्प्युटरमध्ये कुठे ठेवलाय, तेवढा पत्ता आहे फक्त.

आजोबा: फाइल जड होऊन मेलनं जाईना. दुकानातल्या माणसानं तसं शिकवलं.

मुलगी: इथे दिसतात, पण बाहेर गेले की गायब. आवाजसुद्धा.

आजोबा: सातही घरांचे?

मुलगी: सातही. काका काहीच बोलले नाहीत?

आजोबा: बोलला की. दर वेळी न चुकता कळवतो. हे घे, तूच वाच.

मुलगी: "बाबा, मस्त. फोटो छान आलेत." "बाबा, फोटो एकदम झकास." "आईचा आवाज ऐकून बरं वाटलं..." आजोबा, त्यांच्याकडे वेगळं दिसत असेल हं. तिकडचे कॉम्प्युटर भारी असतात, आणि कधी कधी काय होतं, नेटवरून ते आपोआप...

आजोबा: खोटं बोलताना तू फार भरभर बोलतेस.

मुलगी: सॉरी.

आजोबा: तू कशाला सॉरी? एक फाइल जरी उघडली असती, तरी विचारलं असतं ना, बाबा, ह्या फुल्या कसल्या म्हणून.

मुलगी: मी सगळे फोटो आत्ता आत घालते! जड झाली तर दुसऱ्या वाटेनं पाठवू. मग बघावंच लागेल त्यांना!

आजोबा: नको.

मुलगी: का पण?

आजोबा: आधीचं सगळं रिकामं गेलं होतं, असं लिहावं लागेल. मग मला कळलंय, हे त्याला कळेल. ओशाळेल बिचारा. आणि एकदा ओशाळला, की ह्या दोन ओळीही यायच्या बंद होतील.

मुलगी: खोट्या आहेत त्या ओळी!

आजोबा: असू देत. महिन्यातून एकदा त्याच्या नावाचं काहीतरी येतं. बंद कर ते. जा, खेळा जाऊन.

मुलगी: नाही जात. त्यांना पाठवू नका, पण फोटो मी घालणार.

आजोबा: मग कुणासाठी घालतेस?

मुलगी: आधी घालू तर द्या! पहिलं घर कुठलं, हे का? ही मोठ्ठ्या चष्म्यातली आजीच ना?

(दोन मजले वर, मुलीच्या घरी.)

आई: कुठे होतीस गं इतका वेळ? सकाळी सहाची बस आहे शिबिराची, आणि बॅग अजून रिकामी!

मुलगी: आई, बाबा, मी शिबिराला जात नाहीये.

बाबा: काय? महिनाभर आमचं डोकं खाल्लंस, नाटकाचं शिबिर, नाटकाचं शिबिर!

आई: भांडलीस का मैत्रिणींशी?

मुलगी: नाही गं. खालच्या नकाशेआजोबांनी लिहिलंय ना, ते वाचायचंय मला. त्यांच्यासमोर बसून. रोज थोडं थोडं. ठरलंय माझं.

बाबा: एवढं काय लिहिलंय त्यात?

मुलगी: माहीत नाही, बाबा. अजून कुणी वाचलंच नाहीये.