किल्ली खिचडीच्या खोलीत

माझं माहेर शिवथरच्या खोऱ्यात, नि दिली मला वर डोंगरात, उमरठच्याही वरल्या वाडीत, म्हणजे काय सांगू तुमाला, खालून बघितलं तर वाटावं तिथं शेळ्याच राहत असतील. मालक मुंबैला गुदामात, गणपतीला नि शिमग्याला येणार, बाकी शेती, दोन म्हशी, पाणी, सगळं माझ्या अंगावर. पाणी झऱ्याचं. झऱ्यापासून वाडीपर्यंत काळा पाइप टाकलाय, त्यात हवा अडकते, मंग पाणी येत नाय, मंग बाईनंच वर जायचं, जोड सोडायचा, तोंड लावून जोरात ओढायचं, हवा निघाली की पाणी तोंडात येतं, ते थुंकायचं नि जोड बसवायचा. पुरुष हायत की वाडीत, चार म्हातारे, ते बसल्या जागेवरून सांगतात, हवा अडकली वाटतं. माझी पोरगी सारिका सात वर्सांची असल्यापासून हे करते.

खालच्या शाळेत मी खिचडी शिजवते, सारिका त्याच शाळेत. ती सातवीत होती तेव्हा शाळेत खोकी आली, कुठल्याशा कंपनीनं दिलेली. मोटारी, वायरी, पकडी, पाने, काय नाय ते. ती ठेवली त्या खोलीच्या दारावर पाटी लावली, मुलींनी हातानं करून शिकावं. नि त्या पाटीखाली मोठ्या सरांनी कुलूप लावलं, हे एवढालं. वर्सातनं एकदा उघडायचं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पूजेला. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, सर डोळे मिटून उभे नि पोरी रांगेत हात जोडून. पकडीला हळद लागली पण पोरीचा हात नाय लागला. सारिका बोलली, सर, आमी एक मोटार लावून बघू का, तर सर बोलले, पोरींनी हात लावला की बिघडतं, तुमी रांगोळी काढा, तुमची रांगोळी छान असते. घरी येऊन रडली. मी बोलली, रडतेस कुणासाठी गो, त्या माणसाला स्वतःच्या ऑफिसातला बलब बदलता येत नाय, शिपायाला हाका मारतो. खरं हाय ते, मी डोळ्यानं बघितलंय.

मंग गेल्या साली कंपनीच्या एक बाई यायच्या ठरल्या, पोरी सामान वापरतात का बघायला, नायतर सगळं उचलून दुसऱ्या शाळेला देणार. सारिकाचा जीव वरखाली. सरांची धावपळ तर विचारू नका. बटण दाबायला पोरगे शिकवले, नि सारिकाच्या हातात काय, तर ओवाळायचं ताट. टेबलावर भाताच्या खाचरांचा देखावा, खाली बादली, छोटा पंप, नळीतनं पाणी वर चढणार. बाई आल्या, ओवाळून झालं, बटण दाबलं. पंप घूं घूं करतो नि पाणी कुठाय! परत दाबलं. टपल्या मारल्या. सर घामानं ओले, बोलतात, मॅडम, डोंगराळ भाग, व्होल्टेज नसतं. अहो, घूं घूं ऐकू येतंय की सगळ्यांना!

मी दारात उभी. सारिकानं ताट माझ्या हातात दिलं, सरळ टेबलाकडे गेली, वरचं नळीचं तोंड काढलं, आपलं तोंड लावलं नि ओढलं. सर ओरडले, अगं उष्टं केलंस, पूजेचं सामान ते! तिच्या तोंडात पाणी, ती काय बोलणार, पचकन थुंकली ती सरांच्या बुटाजवळ, नि नळी परत लावली. पाणी खळखळ खाचरात.

बाई बोलल्या, हे तुला कोणी शिकवलं, नि सर, लाज नाय हो माणसाला, पुढं होऊन बोलले, आमच्याकडे मुलींना सगळं हातानंच शिकवतो. सारिका बोलली, नाय मॅडम, हे आईनं शिकवलं, झऱ्यावर, इथल्या सामानाला मी आज पहिला हात लावला. बाईंनी विचारलं, किल्ली कोणाकडे असते. सर बोलले, मोडतोड झाली तर जबाबदारी कोण घेणार, मॅडम? मी बोलली, मी घेते. सर हसले, खिचडीवाली काय घेणार. बाई नाय हसल्या.

आता किल्ली खिचडीच्या खोलीत, पळीच्या शेजारी खिळ्याला. जेवणं झाली की पोरी घेऊन जातात. मोडतात की. एक मोटार जाळली, एकीचं बोट भाजलं. मोडूंदे, नवं ठेवून काय लोणचं घालायचं होतं? सारिका आता दहावीत, महाडला वायरमनचं शिकणार बोलते. मालक फोनवर बोलले, पोरीची जात खांबावर चढणार काय? मी बोलली, मंग झऱ्यावर तुमी चढा येऊन. फोन ठेवला त्यांनी.

या दसऱ्याला सर परत आले नारळ, झेंडू, हळदकुंकू घेऊन. टेबलावर पोरींनी मोटार उघडून ठेवलेली. सारिका बोलली, सर, कुंकू नको, आत जाईल. सर नारळ धरून उभे, ना पुढं ना मागं. मी बोलली, द्या हिकडं. घेतला, पायरीवर फोडला, खवला, खिचडीवर पसरला. पोरी ग्रीसचे हात धुऊन जेवायला बसल्या, तरी काळं काय पुरतं निघालं नव्हतं, जन्मभर नको निघूंदे बोलते मी. देवी काय रागावली नाय. सरांनी पण दोनदा वाढून घेतली.