टिलमानचा गुडघा

— नाही नाही, हेगेलेकाका, बटण बिघडलेलं नाहीये, बटण ठणठणीत आहे. गुडघा बिघडलाय. म्हणजे गुडघाही ठणठणीतच, फक्त लांब आहे — माझ्या नवऱ्याचा, टिलमानचा. ओळखता की तुम्ही त्याला, तोच तो, आमच्या ग्लायडिंग क्लबाच्या दारात दर रविवारी कपाळ आपटून घेतो. हे बघा, ग्लायडरच्या आत वाका जरा — थांबा, टॉर्च मी धरते. दिसला? पार खाली, दांड्याच्या पुढे, दोन मांड्यांच्या मधल्या खाचेत. एप्रिलमध्ये तिथे बसवला ट्रान्सपाँडर, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. ग्लायडरचा पुढचा फळा केवढा — जेवणाच्या ताटाएवढा, त्यात वेग, उंची, होकायंत्र, रेडिओ, चढ-उताराचे दोन काटे, सगळे दाटीवाटीने बसलेले. मग या नव्या पाहुण्याचा डबा टाकला मागे, डोक्याशी, पण त्याचं तोंड तरी पुढे हवं ना, हाताशी? ते आलं टिलमानच्या गुडघ्याशी. पाय आखडला की हा गुडघा हलवतो, गुडघा हलला की बटण फिरतं, आणि बटण फिरलं की टिलमान जगातून नाहीसा होतो. म्हणजे रडारवरून. म्हणजे माझ्या मोबाइलवरून. हळू बोलू या हं, आमची छोटी मर्ले आत्ताच झोपलीय. हो, कानांवर ते मोठे हेडफोन घातलेत तिला, तुमच्या ड्रिलमुळे. हसा खुशाल, सगळेच हसतात.

आता विचाराल, हा डबा हवा होता कुणाला? मला! टिलमान इतकी वर्षं त्याच्याविना उडतच होता की आल्बच्या डोंगरांवरून. पण मर्ले झाली आणि मला एकदम ती स्टुटगार्टला उतरणारी विमानं दिसायला लागली — आधी काय नव्हती का? होती, पण तेव्हा ती नुसती विमानं होती. आता प्रत्येक विमान थेट आमच्या घरावर येतंय असं वाटतं. मी धरलाच हट्ट. म्हटलं, सगळ्यांना ओरडून सांगणारा डबा बसव, मी इथे आहे, मी इथे आहे. तो बसला की मग मीही उडेन. — हो, मी म्हणाले तसं. बसला एप्रिलमध्ये. मग मी म्हटलं, वारा फार आहे. मग दूध. मग तिचा दात. आता या रविवारी त्याने मला न विचारता क्लबातल्या फळ्यावर माझं नाव लिहून ठेवलंय, सकाळच्या पहिल्या उड्डाणाला. खडूने. पुसता येईल तसं. ते सोडा. आपण बटणाचं बोलत होतो.

तर गेल्या महिन्यात काय झालं, ऐकलंच असेल तुम्ही. नाही? खरंच? अख्ख्या आल्बवर ऐकायचे राहिलेले एकटे तुम्हीच. शनिवार, निळंशार आकाश, टिलमान वर, मी स्वयंपाकघरात, मर्लेला गाजर भरवतेय, दुसऱ्या हातात मोबाइल — त्यावर तो ठिपका. छान गोल गोल फिरत होता. आणि जंगलावर आला नि गेला. ठिपकाच गेला! मी बघतेय, बोटाने पडदा पुसतेय — वाटलं गाजर लागलं असेल. गाजर नव्हतं. पाच मिनिटं धरला धीर — कसला धीर, पाचही मिनिटं मी त्याच्या शोकसभेत कोण काय बोलेल ते ठरवत होते, त्याच्या आईला बोलू द्यायचं नाही इथपर्यंत आले होते — आणि लावला शोध-बचाववाल्यांना फोन. भले लोक. त्यांनी हेलिकॉप्टर सोडलं, आणि सोडता सोडता आमच्या क्लबाच्या मैदानावर फोन केला. मैदानावरून क्लेमेन्सने रेडिओवर हाक मारली, सगळ्यांच्या कानांवर जाणाऱ्या त्या लहरीवर, "टिलमान, जिवंत आहेस का बाबा? बायको विचारतेय."

चाळीसेक ग्लायडर होती हवेत. सगळ्यांनी ऐकलं.

आणि आमचे महाशय काय म्हणाले? "आहे. चार मीटरने चढतोय. नंतर बोलू."

आमच्या क्लबात ज्याने घोळ घातला त्याने पुढच्या शनिवारी केक आणायचा. मी प्लमचे तीन ट्रे भाजले, एका घोळाला एक पुरला नसता. जो तो तुकडा उचलताना म्हणे, "वेरेना, तू इथे आहेस होय? हल्ली दिसत नाहीस आम्हाला!" मीही हसले. हसायलाच हवं. ट्रे घासताना मात्र — स्क्रू हवाय का हा? घ्या. माझ्या पायाशी पडला होता.

पण तुम्हाला एक सांगू? क्लेमेन्सने मला फोनवर जसंच्या तसं कळवलं ना — आहे, चार मीटरने चढतोय — तर मला आधी काय वाटलं असेल? जिवंत आहे, देवाची कृपा? छे! माझ्या तोंडून निघालं, "चार? कुठे?" कडेवर मूल, भिंतीवर गाजर, तिकडे हेलिकॉप्टर फिरतंय, आणि मी विचारतेय कुठे! सेकंदाला चार मीटर, काका, आमच्या आल्बवर, शनिवारी दुपारी! आणि त्याला ते मिळालं जुन्या दगडखाणीवर, जिथे जा म्हणून मी त्याला तीन वर्षं सांगतेय. मी त्या ठिपक्याशी बोलते हो. लोकांना वाटतं काळजीने बघते. काळजी असतेच, ती कुठे जातेय. पण मी म्हणत असते, डावीकडे, अरे डावीकडे, सोडलास ना चढता वारा, गाढवा! परवा लक्षात आलं, तो वळला की मीही खुर्चीत कलते. मर्लेसकट. — हे तुम्ही ऐकलं नाहीत हं.

काय म्हणालात? तो जुना काटा काढून त्याच्या जागी — नाही. तो नाही काढायचा. टिलमान? टिलमान बघतही नाही त्याच्याकडे, तो त्या दुसऱ्यावर उडतो, पीं-पीं करणाऱ्यावर. हा माझा आहे. मी आणलाय, लग्नाआधी, ग्लायडरबरोबर. हो, ग्लायडरही माझंच. असं बघू नका, सांगायची वेळ आली नव्हती म्हणून नाही सांगितलं. त्यापेक्षा असं करा, पीं-पीं करणारा जाऊ दे खाली गुडघ्याशी. त्याला कानांनीच ऐकायचं असतं, बघायचंय काय त्यात? आणि ट्रान्सपाँडर वर, त्याच्या भोकात. बसेल ना? बसतंय! बघा, तुम्हीसुद्धा हसता कधीकधी.

आता हात पोचतो का ते बघायचं म्हणताय, पट्टे आवळून. कुणाचा हात? टिलमान तर कामावर आहे. मी बसू? मी बुटकी, माझा हात कुठला — हां, माझा पोचला तर कुणाचाही पोचेल, खरं आहे. गुडघ्याचं माप नंतर त्याचं घ्या. उशी? आहे, ट्रेलरमध्ये आहे, लाल. मीच टाकली सकाळी. उगाच. टाकायची काही गरज नव्हती. द्या इकडे.

बसले. अगं बाई, वास तोच. पट्टा आवळा अजून, अजून. हात... पोचला. फिरतंय. गुडघा कुठेच लागत नाही. म्हणजे आता सबब म्हणून — काही नाही, स्वतःशीच बोलतेय. या काट्याची काच तुमच्या सफाईवाल्याने पुसली का हो? नाही? मग मीच पुसते. बाहीने.

काका, वरचं झाकणही लावून बघायला हवं ना, कोपर अडतं का ते. मर्ले रडली तर टकटक करा. म्हणजे लगेच नको, आधी जरा कडेवर घ्या, तुमच्या मिशांवर थांबेल ती थोडा वेळ. मग टकटक करा.

आता काही बोलू नका. मीही नाही बोलत. लावा.