रोशनीने पुसलेली खूण

मुलं माझ्यावर जीव टाकतात असं तुम्ही सगळ्या म्हणता ना, मग हे ऐका. शिरपूरजवळच्या आमच्या शाळेत एम.एड. करणारी एक मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन आली. शिक्षकांचा आपल्यावर विश्वास आहे असं चौथीच्या पोरांना वाटतं का, हे तिला मोजायचं होतं. प्रत्येक वाक्यापुढे तीन चेहरे होते, हसरा, गप्प आणि रडका. पटेल त्यावर पेन्सिलीने खूण करायची.

"मॅडम, तुम्ही बाहेर थांबलात तर बरं," ती म्हणाली.

वर्ग माझा, मी कशाला बाहेर थांबू? नेहमीसारखी रांगांमधून फिरत राहिले.

मागच्या रांगेत रोशनी बसते. साधी बेरीज तिला धड येत नाही. तिने सगळ्या हसऱ्या चेहऱ्यांवर खुणा केल्या होत्या, आणि शेजारच्या हुशार तन्वीनेही अगदी तशाच. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "कोणाचं बघून केलंस गं?"

"कोनंच नही, मॅडम. बठ्ठं मनंच शे." सगळं स्वतःचंच आहे म्हणे.

"खरं सांग."

तिने खोडरबर घेतला, 'शिक्षकांचा माझ्यावर विश्वास आहे' या वाक्यापुढची खूण पुसली आणि रडक्या चेहऱ्यावर केली. बाकीच्या खुणांना हातही लावला नाही.

कागद गोळा करताना त्या मुलीने नेमकं तेवढंच हेरलं. "मॅडम, हिने हे एकच उत्तर का बदललं असेल?"

तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं गं. मी म्हटलं, "पहिल्यांदा चुकली असेल."