त्रेसष्ट पेन्सिलखुणांची तक्रार

...आणि वर त्या पुस्तकांच्या दुकानातल्या बाई मलाच विचारतात, "सर, तुमचा नेमका प्रॉब्लेम काय आहे? तुम्हाला पुस्तक कोरं पाहिजे होतं, आम्ही कोरं पाठवलं. आता काय?" आता काय म्हणे. म्हटलं, "मॅडम, ते कोरं आहे, हाच प्रॉब्लेम आहे." मग त्यांनी मला थांबायला लावून ती फोनमधली धून सुरू केली, ती टिंगटिंग, आणि तीसुद्धा मध्येच तुटून पहिल्यापासून सुरू होणारी... तुम्हाला सांगतो, मी तक्रारखोर माणूस नाही. नोंद ठेवतो, एवढंच.

सवय आहे हो ती. सव्वीस वर्षं मुद्रितं तपासतोय मी. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत आमचा छापखाना. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, देवस्थानांचे अहवाल, जे येईल ते. लग्नपत्रिका तर हजारोंनी तपासल्या, स्वतःची तेवढी तपासायची राहून गेली, आणि आता बावन्नाव्या वर्षी कोण छापतंय? तर सांगायचं म्हणजे मुद्रित तपासायला माणसं लागतात दोन. एक हस्तलिखित मोठ्यानं वाचतो, दुसरा छापलेल्या ओळीवर बोट ठेवून ताडत जातो. आमच्यात वाचणारा देवदत्त आणि ताडणारा मी. देवदत्त वाचायचा कसा? "आमचे येथे श्रीकृपेकरून स्वल्पविराम, चिरंजीव शिवराज, शि ऱ्हस्व, आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, बाई गं, केवढं लांब, ऋतुजा, पूर्णविराम." बावीस वर्षं हा आवाज कानात. शेवटी कागदाच्या खाली दोन सह्या, 'वाचले' पुढं त्याची, 'ताडले' पुढं माझी. मग काँप्युटर आला, मालक म्हणाले आता दोघं कशाला, आणि देवदत्त गेला गावाकडं केमला, भावाच्या शेतावर. फोन केला की म्हणतो, "ट्रॅक्टर चालू आहे रे, नंतर बोलू." हा कसला ट्रॅक्टर, चार वर्षं झाली, बंदच होत नाही.

अशात माझी दाढ दुखली. आता तुम्ही म्हणाल दाढेचा काय संबंध? आहे. दवाखान्यात बसलो होतो, वर कुठंतरी बारीक आवाजात वाजत होतं. व्हायोलिनं काहीतरी म्हणत होती आणि खालून कुणीतरी जाड आवाजात "हो, बरोबर, पुढं" असं म्हणत होतं. अगदी देवदत्त आणि मी. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, हे काय आहे? म्हणाली, "काका, ते पेशंट घाबरू नयेत म्हणून लावतात." मी म्हटलं, ते खरं, पण कुणाचं आहे? तिनं मोबाईल पाहून सांगितलं, हायडन म्हणून कुणी जुना परदेशी संगीतकार आहे. माझा नंबर आला तरी मी उठेना, शेवटी डॉक्टर स्वतः बाहेर आले.

तिथून सुरू झालं. पाश्चात्य सूर लिहितात त्या पाच रेघा वाचायला शिकायला मला दोन वर्षं लागली, रोजची नोंद आहे वहीत. मग कळलं, सिंफनीचं, म्हणजे सबंध वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचनेचं, छापील पुस्तक मिळतं, स्कोअर म्हणतात. बासरी, ओबो, हॉर्न, व्हायोलिन, सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक. म्हणजे हे तर मुद्रितच की! वाद्यवृंद वाचणार, मी ताडणार. देवदत्तची जागा भरली. भरली म्हणजे काय, साठ माणसं आली एकदम.

पण ते पुस्तक घ्यायचं कसं? जर्मनीत छापलेली प्रत बघितली, काय तो कागद, काय ती छपाई, एक चूक सापडणार नाही, आणि किंमत बघितली तर एकाच सिंफनीला माझा अर्धा पगार. हायडननं लिहिल्यात शंभरावर. दुसरी जात खिशात मावणारी. ती मागवली. खिशात मावते, डोळ्यांत मावत नाही. भिंगानं व्हायोलिन सापडेपर्यंत चेलोवाले घरी गेलेले असतात. तिसरी जात फुकटातली, जुन्या प्रती इंटरनेटवर असतात, उतरवून घ्या आणि छापा. गेलो नवी पेठेतल्या झेरॉक्सवाल्या सयाजीकडं. तो पानं वरखाली करून बघत म्हणतो, "काका, ह्ये काय, आल्याडपल्याडच्या सगळ्या तारांवर चिमण्या बसल्यात." दीडशे पानं काढली, वर तार गुंडाळून वही बांधली, घरी येऊन बघतो तर प्रत्येक पानाची सगळ्यात खालची ओळ कापलेली. खालच्या ओळीत कोण असतं? डबल बास, तो सगळ्यात जाड आवाजाचा. सबंध सिंफनीत डबल बासवाल्याला सुट्टी. सयाजीला दाखवलं तर म्हणतो, "एकच तर ओळ गेलीय की. वरच्या हायत की सगळ्या." मी तक्रारखोर माणूस नाही. एकशे त्रेपन्न पानं, तारीख घालून नोंद ठेवली, एवढंच.

मग चौथी जात सापडली आणि ती मी तुम्हालाही सांगून ठेवतो, घ्यायचं तर हेच घ्या. अमेरिकेत जुन्या प्रती परत छापतात, एका जाडजूड खंडात सहा सहा सिंफन्या, अक्षर मोठं, पुस्तक उघडं ठेवलं तर उघडंच राहतं. नवीन थोडं महागच, पण पुण्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात ऑनलाइन निम्म्यात होतं. निळा पुठ्ठा. खाली लिहिलेलं, 'कोरी प्रत, एकही खूण नाही.'

आलं पुस्तक. उघडलं. पान चार, पेन्सिल. पान सहा, पेन्सिल. पान नऊ, पेन्सिलच पेन्सिल. माझ्यातला मुद्रितशोधक खवळला हो. खुर्चीवर बसलो, पहिल्यापासून शेवटपर्यंत पान न् पान उलटलं आणि पान, ओळ, खण, म्हणजे दोन उभ्या रेघांमधली जागा, असं लिहून त्रेसष्ट खुणांची यादी केली. वाचत नव्हतो, मोजून उतरवत होतो फक्त. 'पान ९, दुसरी ओळ, चौथा खण: "थांब, आता येईल." असंबद्ध मजकूर.' 'पान ३१, हॉर्नच्या ओळीवर: "ह्यांना काही काम नाही, तरी बसलेत बिचारे." असंबद्ध मजकूर.' शेवटी लिहिलं, सबब प्रत अभ्यासास निरुपयोगी, बदलून मिळावी. एक नक्कल वहीत, एक दुकानाला. त्यांचं उत्तर आलं, बदलून देतो, कुरियरवाला नवीन देईल, जुनं त्याच्याकडं द्या. आता मी दिवसभर छापखान्यात. माझ्या खोलीची किल्ली असते खालच्या मथुराबाईंकडं. त्यांना स्वच्छ अक्षरात चिठ्ठी लिहून दिली: 'कुरियरवाला आल्यावर टेबलावरील निळे पुस्तक त्यास देणे व नवीन घेणे.' 'देणे' खाली दोन रेघा.

आणि मग त्या रविवारी, नवीन येईपर्यंत बसून काय करायचं म्हणून मी तीच प्रत घेऊन ऐकायला बसलो. पान नऊ आलं. वाद्यं सगळी एकेक करून गप्प होत गेली. मला वाटलं संपलं. पेन्सिल म्हणाली, 'थांब, आता येईल.' थांबलो. आणि आली हो बासरी... म्हणजे कशी आली ते काय सांगू तुम्हाला.

मराठीत, बरं का! मला वाटत होतं, अख्ख्या महाराष्ट्रात हे असलं घेऊन बसणारा मी एकटाच. आणि इथं कुणीतरी बसलं होतं, माझ्याआधी, ह्याच ओळींवर बोट ठेवून. वळणदार अक्षर, पेन्सिल बारीक टोकाची. बाई असेल, बुवा असेल, पहिल्या पानावरचं नाव खोडलेलं. एका ठिकाणी बासूनच्या, त्या जाड आवाजाच्या फुंकवाद्याच्या, ओळीवर लिहिलंय, 'इथे बासून चुकला असं वाटतं, चुकलेला नाही.' अहो, माझ्या ऐकण्याच्या नोंदीत तेच वाक्य आहे, ह्या यादीच्या कितीतरी आधीचं, त्याच जागी! मी मोबाईल थांबवला आणि पुस्तकाला म्हटलं, बघा, मीही हेच म्हणत होतो.

आठ दिवस असे गेले म्हणून सांगू. कामावरून आलो की आम्ही दोघं. आणि मग पान चौऱ्याहत्तर. ओबो एकटा वाजवतो, खाली सगळे श्वास धरून बसलेले, आणि बाजूला पेन्सिलीत, 'हे आता कुणाला सांगायचं?'

यादीत तो क्रमांक एक्केचाळीस. पुढं मी लिहिलंय, 'असंबद्ध मजकूर.'

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन लावला. अपेक्षा मॅडम म्हणून आहेत तिथं. म्हटलं, हे पुस्तक आधी कुणाचं होतं? "सर, आमच्याकडे पोत्यांनी येतात पुस्तकं. लोक घर रिकामं करताना देतात. नावं कुठं ठेवणार?" घर रिकामं करताना. मी पुढं विचारलं नाही. म्हटलं, माझी तक्रार रद्द करा. "सर, नवीन प्रत निघाली. तुम्ही कुरियरवाल्याला जुनं देऊ नका, मग आपोआप रद्द." एवढं सोपं? मी निवांत झालो.

त्या प्रश्नाखाली एकच शब्द लिहायचा होता मला. 'मला.' बास. पेन्सिलीला टोक केलं, पान उघडलं आणि थांबलो. कारण काय, तर तपासणाऱ्यानं मूळ प्रतीत आपला मजकूर घालायचा नसतो. सव्वीस वर्षांचा नियम. म्हटलं, उद्या विचार करून लिहू. पेन्सिल पान चौऱ्याहत्तरमध्ये ठेवली, पुस्तक टेबलावर ठेवलं, आणि त्या 'उद्या'ला मालकांनी पाठवलं माढ्याला, एका शाळेची स्मरणिका तपासायला.

संध्याकाळी आलो. मथुराबाई जिन्यातच.

"आलावता की तुमचा कुरियरवाला. दिलं म्या."

"काय दिलं?"

"निळं पुस्तक. तुमीच चिट्टी दिलीव की वो. म्या नातीकडनं दोनदा वाचून घेतली, चूक नको म्हून."

"मथुराबाई, त्यात पेन्सिल होती..."

"ती काडून ठिवली की! पेन्सिल कशाला द्याची त्यास्नी?"

चिठ्ठी माझी, अक्षर माझं, दोन रेघा माझ्या. आयुष्यात पहिल्यांदा माझं लिखाण कुणी इतकं बिनचूक अमलात आणलं. वर त्या म्हणतात, "तोंड का असं केलंय? दाढ दुकतीय व्हय परत?"

मग पुण्याला फोन. "सर, परत आलेला माल आम्ही ठेवत नाही, कुरियरकडूनच परस्पर कागदाच्या लगद्याला जातो. तुमच्याच अर्जात आहे ना, निरुपयोगी म्हणून." तेव्हा ते 'आता काय' झालं, मघाशी सांगितलं ते. फोन ठेवून मी म्हटलं, देवदत्तला सांगावं. लावला. "ट्रॅक्टर..." म्हटलं, चालू दे.

आता माझ्याकडं आहे काय? एक पांढऱ्याशुभ्र पानांचं, कोरं पुस्तक, आणि ती तक्रार. नक्कल होती ना वहीत. पान, ओळ, खण. तुम्हाला सांगतो, इतकी चोख तक्रार मी जन्मात केली नव्हती, आणि तीच उपयोगाला आली. रविवारी सकाळी बसलो, तीच पेन्सिल घेतली आणि एकेक खूण नवीन प्रतीत उतरवत गेलो. पान नऊ, दुसरी ओळ, चौथा खण, 'थांब, आता येईल.' पान एकतीस, हॉर्न, 'तरी बसलेत बिचारे.' अक्षर जरा वळणदार काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही, लग्नपत्रिकेसारखं यायला लागलं, सोडून दिलं. एक्केचाळीस नंबरला आलो. प्रश्न लिहिला. आता ही काही मूळ प्रत नाही, म्हणून खाली लिहिलं, 'मला.' प्रश्न माझ्या अक्षरात, उत्तर माझ्या अक्षरात.

त्रेसष्टच्या त्रेसष्ट भरल्या. शेवटच्या पानावर सवयीनं दोन ओळी आखल्या. 'ताडले' पुढं सही केली. 'वाचले' पुढची जागा तशीच ठेवली.

तेवढ्यात मथुराबाई चहा घेऊन आल्या. पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन पान पान बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, ह्ये तर नवंकोरं आलतं की वो. यातबी कुणी लिवून ठिवलंय? तक्रार करा, म्या देते परत."

म्हटलं, नको मथुराबाई. मी तक्रारखोर माणूस नाही.