एकेचाळीस आठवडे आणि तीन दिवस

नवरा : ...म्हणूनच म्हणतो मॅडम, बाळ म्हणजे काही लायब्ररीचं पुस्तक नव्हे. तारीख उलटली की लगेच दंड!

डॉक्टर : दंड कुणी मागितलाय? एकेचाळीस आठवडे आणि तीन दिवस झालेत. आजच्या सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी कमी दिसतंय. आजच दाखल व्हा, औषध देऊन कळा सुरू करू, असा माझा सल्ला आहे.

नवरा : सल्ला! फळ पिकायच्या आधी फांदी हलवायची, एवढंच येतं तुम्हा लोकांना.

बायको : हे वाक्य याचं नाही, डॉक्टर. गर्भसंस्कार शिबिरातल्या बाईंचं आहे. त्यांची सगळी वाक्यं याला तोंडपाठ. दुकानातून चार वस्तू आणायला सांगा, दोन विसरून येतो.

नवरा : तू शांत राहा बरं. तणावाचा गर्भावर परिणाम होतो.

बायको : घरी असलो की 'बाळ' असतं. चार माणसं दिसली की याचा 'गर्भ' होतो.

नवरा : मॅडम, आपण बाळंतपणाचा एक आराखडा केलाय. चारच पानं आहेत, कृपया नजरेखालून घाला. आपल्याला मंद उजेड हवाय, भिंतीवर घड्याळ नकोय आणि कळा पूर्णपणे नैसर्गिक हव्यात.

बायको : 'आपल्याला' म्हणजे? तुझं पोट कुठाय?

डॉक्टर : उजेड कमी करता येईल. घड्याळही काढू, माझ्या मनगटावर आहे एक. कळांचं मात्र मी लिहून देत नाही. बाळाची हालचाल कशी आहे?

नवरा : उत्तम.

डॉक्टर : तुम्हाला नाही विचारलं.

बायको : काल संध्याकाळपासून मंदावलीय. एरवी जेवण झालं की लाथा सुरू. आज सकाळी खाऊन तासभर कुशीवर पडले, तेव्हा कुठे दोनदा हललं.

नवरा : ते स्थिरावलंय. शेवटच्या दिवसांत बाळ अंतर्मुख होतं.

बायको : अंतर्मुख! ऐकलंत?

डॉक्टर : शेवटच्या दिवसांतही बाळ हलायलाच हवं. कमी वाटलं की तेव्हाच निघून यायचं असतं. मंगळवारी सिस्टरनी फोनवर हेही सांगितलं असेल ना?

बायको : कुठला फोन?

डॉक्टर : एकेचाळीस आठवडे पुरे झाले त्या दिवशीचा. दाखल व्हायला बोलावलं होतं तुम्हाला. हे बघा, फाईलवर लिहिलंय. 'पेशंटला थांबायचंय.'

बायको : पेशंटला. म्हणजे मला.

नवरा : तू झोपली होतीस. फोन मी उचलला.

बायको : माझा फोन.

नवरा : अगं, उगाच घाबरली असतीस तू.

बायको : डॉक्टर, मी लिफ्ट दुरुस्त करते. खाली अकरा मजले मोकळे, कमरेला पट्टा, आणि हातात पाना. हा घरात पाल निघाली तर खुर्चीवर चढतो. आणि हा मला भीतीपासून वाचवतोय!

नवरा : तुझ्या भल्यासाठीच केलं मी.

बायको : माझं भलं राहू दे. तीन दिवस माझ्यासमोर चटईवर बसून माझे श्वास मोजलेस. तेवढ्यात एकदाही सांगावंसं वाटलं नाही?

नवरा : सांगणारच होतो. आज.

बायको : आज कशाला? बारशाला सांगायचंस.

डॉक्टर : भांडा, पण आडवं होऊन. डाव्या कुशीवर या, पोटाला पट्टा लावते. जेल गार लागेल. ठोक्यांचा कागद वीस मिनिटं तरी चालू दे.

नवरा : ठोके चांगले आहेत ना? ऐकू येतायत की. दणदणीत आहेत.

डॉक्टर : ठोके आहेत. वरखाली व्हायला हवेत तेवढे होत नाहीयेत.

नवरा : म्हणजे मशीनमध्येच काहीतरी...

बायको : हो, मशीनच खोटं. सोनोग्राफी खोटी, डॉक्टर खोट्या, माझं पोट खोटं. खरा फक्त तू आणि तुझी चार पानं.

नवरा : माझ्या बहिणीचं काय केलं होतं यांच्यासारख्यांनीच? हेच औषध दिलं. सव्वीस तास ओरडत होती, मी बाहेर बाकावर बसून ऐकत होतो. शेवटी पोट कापलंच. दीड महिना तिला धड उभं राहता येत नव्हतं. तू पाहिलं नाहीस ते. मी पाहिलंय.

बायको : मग तसं म्हण ना. भीती वाटते म्हण. आराखडा कशाला छापलास? आणि मीही काय कमी शहाणी? महिनोन्‌महिने त्या बाईंपुढे डोळे मिटून बसले. दोरीचा एक पदर तुटला तरी मी अख्खी लिफ्ट बंद करते, आणि स्वतःच्या पोटाचं मात्र याच्यावर सोपवलं. डॉक्टर, सरळ सांगा. थांबले तर काय, नाही थांबले तर काय?

डॉक्टर : थांबलात तर कदाचित आपणहून कळा येतील. पण पाणी कमी आहे, हालचाल मंदावलीय, आणि बाळाला पोसणारी वार थकत जाते. धोका रोज थोडा वाढतो. कळा आणल्या तर वेळ लागेल, एखादा दिवससुद्धा. त्या कळा जोरदार असतात. बाळाला सोसवलं नाही तर सिझर करावं लागेल. मी लपवणार नाही.

बायको : तुमच्या बहिणीला काय सांगितलं असतं?

डॉक्टर : बहिणीला सांगितलं नसतं. हाताला धरून आणलं असतं.

बायको : द्या तो संमतीचा कागद.

नवरा : एक मिनिट. असा घाईत निर्णय नको. मी सही करणार नाही.

डॉक्टर : तुमची सही मागितलेलीच नाही.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. वॉर्डातली खिडकीजवळची खाट.)

डॉक्टर : टाके दुखतायत?

बायको : बसले की. एकोणीस तास डॉक्टर! मोजलेत मी. ही ठीक आहे ना?

डॉक्टर : अगदी ठीक आहे. पाणी हिरवं निघालं, म्हणजे बाळानं आतच शी केली होती. म्हणून दोन तास वेगळं ठेवून लक्ष ठेवलं. दूध ओढतेय ना? मग झालं.

नवरा : आणि सिझर लागलं नाही! म्हणजे बघा, शेवटी नैसर्गिकच झालं. श्वासाचा सराव कामी आला.

बायको : श्वासाचा? पहाटे मी काय ओरडत होते ते ऐकलंस ना?

नवरा : मधे मधे माझं नाव होतं.

बायको : नावाच्या आधी काय होतं तेही सांग डॉक्टरांना.

डॉक्टर : मी तिथेच होते.

नवरा : मॅडम, खरं सांगा. अजून दोन दिवस थांबलो असतो, तर?

डॉक्टर : ते मला सांगता येणार नाही. तुम्हालाही येत नव्हतं. संध्याकाळी राउंडला येते, तोवर यांना झोपू द्या.

बायको : गेल्या त्या. आता बोल की काहीतरी सात्त्विक.

नवरा : मोठी झाली की विचारेल ही. कशी जन्मले मी, म्हणून. काय सांगायचं?

बायको : खरं ते सांगू. बाप घाबरला होता.

नवरा : आणि तू?

बायको : मीही. तू विचारलंच नाहीस.